मागचे तीन बोल्ट

"तोंडाची हळद तरी धुऊन याची होती, मिस्त्री," दादाजी म्हणाला.

"तुह्या गाडीनं धुऊ देल्ली का मले?" इंजिनात घातलेलं डोकं वर न काढता शालिकरामनं उत्तर दिलं. "तिकडे मांडवात बाया गाणे म्हणून राहिल्या, पोराले हळद लागून राहिली, अन् तुहा सांगावा येते का गाडी पाणी ओकून राहिली."

बस दादाजीचीच होती आणि चालवायचाही तोच. आठवडाभर ती कोराडीच्या बांधकामावर माणसं पोचवायची, आणि उद्या सकाळी तीच शालिकरामच्या पोराचं, मधुकरचं, वऱ्हाड घेऊन पारशिवनीला जायची होती. मुहूर्त दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा. वैशाखाचं ऊन, पन्नास-साठ वऱ्हाडी, आणि गाडी आज गणेशपेठेतल्या गॅरेजात वाफा सोडत उभी.

दुसरी गाडी ठरवा, असं घरचे महिनाभर शालिकरामच्या मागे लागले होते. त्यानं ते कानावर घेतलं नव्हतं. या इंजिनाचा बोल्ट न् बोल्ट त्यानं स्वतःच्या हातानं आवळला होता. पोराच्या लग्नाला आपल्या हातच्या गाडीत बसून जायचं, एवढी एकच हौस त्यानं धरली होती. बाकी आहेर, बँड, जेवणावळी हे सगळं त्यानं बायकोवर, रुखमाबाईवर, सोपवून दिलं होतं.

आणि हात म्हणाल तर तो होताच तसा. मनोहररावांच्या या गॅरेजात तो सत्तावीस वर्षं काम करत होता. बोल्ट किती आवळायचा हे त्याचा हात सांगायचा, आणि हात सांगेल ते ट्रकवाले डोळे मिटून मान्य करायचे. गेल्या दिवाळीत मनोहररावांनी मोठ्या कौतुकानं काट्याचा पाना आणला. लांब दांड्याचा, मुठीजवळ आकड्यांची पट्टी असलेला. जोर लावला की पट्टीवर काटा सरकायचा आणि बोल्टवर किती जोर पडतोय ते कळायचं. शालिकरामनं तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाला, "मले का बुखार आला, मालक, थर्मामीटर लावाले?" तेव्हापासून पाना कपाटात मनोहररावांच्या जुन्या कोटाखाली पडून होता.

पण या दादाजीच्या गाडीनं त्याला पुरतं जेरीला आणलं होतं. इंजिनाचं धड आणि वरचं हेड यांच्या मधे गॅस्केटचा पातळ पत्रा असतो, आणि सव्वीस बोल्ट त्याला दोन्हीकडून दाबून धरतात. ते गॅस्केट जळायचं. तेही नेमकं मागच्या कोपऱ्यात, जिथे इंजिनाचं शेपूट केबिनच्या लोखंडी भिंतीखाली शिरतं तिथे. आजही तिथूनच बुडबुडे येत होते.

या कोपऱ्यापायी शालिकरामनं एक दोस्त गमावला होता. मेयो हॉस्पिटलच्या पुढे ओमप्रकाशचं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. वीस वर्षं दोघांनी एका कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा करून प्यायला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून घेतलेलं गॅस्केट जळलं, त्यानं निमूट दुसरं दिलं, तेही जळलं. शालिकराम भर दुपारी त्याच्या दुकानात गेला, जळका पत्रा गल्ल्यावर आपटला आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "नकली माल विकतं तू. चोर आहेस." ओमप्रकाश एवढंच म्हणाला, "ठीक आहे, शालिक." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. उद्याच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या गणेशपेठेत वाटली गेली होती, पण ओमप्रकाशला नव्हती.

तिसरं गॅस्केट मात्र शालिकरामनं मुद्दाम मुंबईहून मागवलं होतं. आज जळलं होतं ते तेच.

साडेनऊच्या सुमारास गॅरेजच्या दाराशी सायकलरिक्षा थांबली आणि कोपरापर्यंत हळदीनं माखलेली रुखमाबाई उतरली.

"येता का मी मांडवात सांगू का वरबाप पळून गेला म्हणून?"

"येतो वं. गाडी तं पाहू दे."

"का झालं गाडीले?"

"तेच. मागचा कोना."

रुखमाबाईनं पदर खोचला आणि इंजिनात वाकून पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कोपरा ओळखीचा होता. या कोपऱ्याच्या तक्रारी तिनं दोन वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकल्या होत्या.

"ओमप्रकाशभाऊचे दोन जळले, ते बी इथंच ना?"

"हो."

"अन् हे मुंबईचं?"

"हे बी इथंच."

"मंग गॅस्केटले काहून शिव्या देता? माही भाकर रोज एकाच बाजूनं जळाली तं मी पिठाले बोलत नाही. चूल पाहते."

दादाजीनं उगाच टायरला लाथ मारून पाहिली. आतल्या टेबलाशी बसलेले मनोहरराव पेपर खाली ठेवून कान देऊन ऐकू लागले.

"मालक," शालिकराम शेवटी म्हणाला, "तो काट्याचा पाना काढा."

मनोहरराव इतक्या लगबगीनं उठले की खुर्ची पडली. कोट बाजूला झाला, डबा उघडला, पाना निघाला. आता हेड उघडायच्या आधी, बोल्ट आहेत तसेच असताना, प्रत्येकाला हळूहळू जोर लावायचा, आणि बोल्ट जरासा हलला की त्या क्षणी काटा कुठे आहे ते बघायचं, असं ठरलं. मनोहररावांच्या पुस्तकात या इंजिनासाठी नव्वदचा आकडा दिला होता. पण ओणवं होऊन ओढणाऱ्याला काटा दिसेना. मनोहररावांचा चष्मा घामानं धुकटला होता, आणि दादाजीला अंगठ्यापलीकडे अक्षरओळख नव्हती. रुखमाबाई चौथी शिकलेली होती, शिवाय माहेरी किराण्याच्या दुकानात बापाच्या तराजूचा काटा बघत वाढलेली.

"सरका," ती म्हणाली आणि बंपरवर चढून उभी राहिली.

"अठ्ठ्याऐंशी," तिनं पहिला आकडा सांगितला. मग "नव्वद." मग "एक्क्याण्णव." मग पुन्हा "नव्वद."

मनोहररावांचा चेहरा फुलायला लागला. दहावा बोल्ट झाला, पंधरावा झाला, काटा नव्वदच्या अलीकडे-पलीकडे दोन घरं सोडून जाईना. शेजारचा वेल्डिंगवाला नत्थू काम टाकून बघायला आला. तेविसाव्या बोल्टलाही रुखमाबाईनं "नव्वद" म्हटलं तेव्हा मनोहररावांनी नत्थूच्या पाठीत धपाटा घातला.

"मिस्त्री, हात आहे का तराजू?"

शालिकरामच्या मिशीत हसू मावेना. बायकोच्या समोर अशी वाहवा सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच होत होती. त्यानं कपाळाचा घाम पुसला तशी हळद भुवयांपर्यंत पसरली, आणि रुखमाबाईला तो त्या क्षणी लग्नातल्यासारखाच दिसला. तिनं ते अर्थातच बोलून दाखवलं नाही.

राहिले मागचे तीन. तिथे काट्याचा पाना शिरेना. तिथे शालिकराम नेहमी आखूड रिंग पाना वापरायचा. इंजिनावर पालथं पडायचं, गाल गरम लोखंडाला लावायचा, हात कोपरात मुडपून भिंतीखाली सारायचा आणि बोटभर, बोटभर बोल्ट फिरवायचा. काट्याचा पाना तिथवर न्यायचा तर मधे काहीतरी जोड हवा होता. नत्थूनं एक रिंग पाना अर्ध्यात कापला, त्याच्या बुडाला काट्याच्या पान्यात बसेल असा चौकोनी भोकाचा तुकडा वेल्ड केला, आणि वीतभर लांबीचा जोड तयार झाला. तो थंड होईपर्यंत दादाजीनं सगळ्यांना चहा आणून दिला.

जोड पान्याच्या पुढे सरळ रेषेत लावला. शालिकरामनं ओढलं. बोल्ट लगेच हलला.

"चाळीस," रुखमाबाई म्हणाली.

"नीट पाह्य वं."

"नीटच पाहिलं. चाळीस."

पुढचा अडतीस, शेवटचा बेचाळीस. मनोहरराव हलक्या आवाजात म्हणाले, "गाडी रोज कोराडीच्या खड्ड्यांतून जाते, मिस्त्री. चालता चालता ढिले पडले असतील."

ही पळवाट चांगली होती. शालिकरामनं ती घेतली असती तर कोणी त्याला अडवलं नसतं. पण त्यानं आपला आखूड पाना घेतला, इंजिनावर पालथा पडला, गाल टेकवला आणि तो शेवटचा बोल्ट दम रोखून, मान लाल होईपर्यंत आवळला. हातानं 'झाला' म्हणून सांगितलं तेव्हाच तो थांबला. मग काट्याचा पाना लावला.

"पंचेचाळीस," रुखमाबाई म्हणाली. यावेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

"ढिले नाही पडले, मालक," शालिकराम खाली उतरून म्हणाला. "मीच कमी कसले. दरवेळी."

तो तिथल्याच फळीवर बसला आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. सरळ उभं राहून ओढताना हाताच्या मागे खांदा असतो, पाठ असते. त्या कोपऱ्यात नुसतं मनगट. तिथे हातानं बोल्टचा जोर कधी मोजलाच नव्हता, स्वतःची दमणूक मोजली होती. हे इतकं साधं होतं आणि ते कळायला पोराचं लग्न यावं लागलं. त्याला लाज वाटली. मग ओमप्रकाशचं ते "ठीक आहे, शालिक" आठवलं.

"चोर म्हटलं मी त्याले," तो म्हणाला.

"मले ठाऊक आहे," रुखमाबाई म्हणाली. "पहिले गाडी करा. उद्याचा दिवस हाये."

हेड उतरलं. गॅस्केट मागच्या कोपऱ्यात काळं ठिक्कर पडलं होतं. आता नवं पाहिजे होतं, आणि मुंबईहून यायला चार दिवस लागले असते. या इंजिनाचं गॅस्केट नागपुरात हटकून मिळण्याचं दुकान एकच, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कोणी दुकानाचं नाव घेतलं नाही. दादाजी नुसता सायकल घेऊन निघाला.

तो अर्ध्या तासानं परतला. कागदात गुंडाळलेलं गॅस्केट त्यानं शालिकरामच्या मांडीवर ठेवलं.

"मी सांगितलं नव्हतं कोणाच्या गाडीले," तो म्हणाला. "पण मले पाहूनच समजले ते. गॅस्केट उजेडात धरून दोनदा पाहिलं, कुठी चरा तं नाही म्हणून. मंग म्हणाले, लग्न आहे त्याच्या घरी, पहिले काम होऊ दे. भांडण नंतर करू म्हणा."

शालिकराम चिंधीनं हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते तरी तो पुसत होता.

दुपारभर काम चाललं. मांडवातून दोनदा बोलावणं आलं, दोनदा रुखमाबाईनं ते परतवलं. बोल्टच्या आट्यांना तेलाचं बोट लावलं, मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जात तीन फेऱ्यांत सगळे आवळत आणले. शेवटच्या फेरीत मागचे तीन उरले. वीतभर जोड पुन्हा सरळ रेषेत लावला आणि शालिकरामनं पाना ओढायला घेतला.

"पन्नास," रुखमाबाई वाचू लागली. "साठ. पासष्ट. सत्तर."

शालिकराम थांबला. "झाला हा."

"झाला कसा?" मनोहरराव म्हणाले. "नव्वद पाहिजे. आताच पाहिलं ना तुमी, हातावर नका जाऊ इथं."

"आता मी पालथा नाही, मालक. उभा आहो. दोन्ही हात लावून ओढून राहिलो. हात सांगून राहिला का झाला."

"काटा सत्तर सांगून राहिला."

दोघेही आपापल्या जागी अडून बसले. सकाळी तोंडघशी पडलेला माणूस दुपारी पुन्हा हाताचीच बाजू घेतो, हे मनोहररावांना पटेना. शालिकरामलाही स्वतःचा भरवसा वाटेना. आणखी ओढावं तर बोल्ट तुटायची भीती, सोडावं तर उद्या कन्हानच्या पुलावर वऱ्हाड उभं राहायची भीती. तो काटा बघायचा, जोड बघायचा, पुन्हा काटा बघायचा. मग त्याची नजर जोडावरच थांबली.

"मालक, जाम बोल्ट खोलाले आपण पान्याच्या दांड्यात पाइप काहून घालतो?"

"दांडा लांब होते. जोर वाढते."

"हा जोड लावला तं पाना वीतभर लांब झाला का नाही? बोल्टवर जोर वाढला, पण काट्याले का ठाऊक पुढं जोड आहे म्हणून? तो आपला जुन्याच लांबीचा हिशेब सांगून राहिला."

मनोहररावांचं तोंड उघडंच राहिलं. शालिकरामनं नत्थूकडून गुण्या मागवला, तो लोहारसुतार काटकोन बघायला वापरतात तो. जोड फिरवून पान्याशी बरोबर गुण्यात आणला. आता पाना इंजिनावर आडवा आणि जोड तेवढा भिंतीखाली गेलेला. असा लावला की पान्याची लांबी बोल्टच्या बाजूला वाढतही नव्हती, घटतही नव्हती. त्यानं त्याच आवळलेल्या बोल्टवर हळूहळू जोर दिला.

"सत्तर," रुखमाबाई म्हणाली. "ऐंशी. नव्वद. ब्याण्णव... हलला."

"म्हणजे सरळ धरून नव्वदपर्यंत ओढला असता तं," मनोहरराव म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं.

"तुटला असता," शालिकराम म्हणाला.

आणि तो हसायला लागला. पोट धरून, फळीवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सकाळचे चाळीस म्हणजे खरे पन्नास-बावन्न धरले, तरी ते नव्वदला बरेच कमी होते. एकाच दिवसात त्याचा हात खोटाही ठरला होता आणि खराही, आणि दोन्ही वेळा साक्षीला बायको होती. उरलेले दोन बोल्ट त्यानं जोड गुण्यात धरून नव्वदवर आणले. इंजिन तापवलं, निववलं, पुन्हा एक फेरी घेतली. कोपरा कोरडा ठणठणीत होता. दिवेलागणीला तो मांडवात पोचला तेव्हा बायांनी त्याला गाण्यातून जे काही सुनावलं, ते त्यानं आनंदानं ऐकून घेतलं.

सकाळी साडेआठला बस निघाली. फेटा बांधलेला शालिकराम दादाजीच्या शेजारच्या मानाच्या सीटवर बसला होता. मागे बाया गात होत्या, मधुकर बाशिंग सांभाळत अवघडून बसला होता. मेयोचा चौक ओलांडताच शालिकराम म्हणाला, "थांबव."

ओमप्रकाशचं दुकान नुकतंच उघडलं होतं. गल्ल्यापुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. बसमधली गाणी आपोआप बंद झाली आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. शालिकराम पायरीपाशी उभा राहिला.

"दोन्ही गॅस्केट चांगले होते गा," तो म्हणाला. "माहाच हात कमी पडे मागच्या कोन्यात. काल समजलं. तुले चारचौघांत चोर म्हटलं होतं, म्हणून चारचौघांतच सांगून राहिलो. चूक माही होती."

ओमप्रकाशनं हातातलं बिलबुक मिटलं.

"दोन साल लागले तुले, शालिक," तो म्हणाला.

"लागले."

"मी रोज वाट पाह्यली. आज येईल, उद्या येईल. तुह्यासारखा हेकेखोर माणूस नाही पाह्यला मी." मग त्यानं रस्त्यावरच्या बसकडे पाहिलं. "जागा आहे का गाडीत?"

"तुह्यासाठी आहे."

ओमप्रकाशनं गिऱ्हाइकांना हात जोडले, नोकराला बाहेर काढलं आणि लग्नसराईच्या भर धंद्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकानाचं शटर ओढलं. बसमधून बायांनी पुन्हा गाणं धरलं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं.

शालिकरामनं त्याला मानाच्या सीटवर बसवलं. तो नको नको म्हणत होता तरी बसवलं. स्वतः केबिनमधे इंजिनाच्या शेपटावर जे झाकण असतं, त्यावर रुखमाबाईनं दिलेली गोणपाटाची घडी टाकून बसला. खाली तेच तीन बोल्ट होते. कन्हानचा पूल गेला, चढ गेला, खडीचा रस्ता गेला. इंजिन एका सुरात चाललं होतं. ओमप्रकाश दोन वर्षांच्या गोष्टी सांगत होता आणि शालिकराम हुं हुं करत ऐकत होता.

पारशिवनीच्या वेशीवर बस पोचली तेव्हा अकरालाही पाच-सात मिनिटं कमी होती. बँड वाजायला लागला. मुलीचा बाप मांडवाच्या दारात ओवाळणीच्या ताटाशी थांबलेला होता. पुढे आले ते नवरीचे थकलेले चुलत आजोबा, हातात झेंडूचा जाड हार घेऊन. त्यांनी शालिकरामला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. बसचं पुढचं दार उघडलं, मानाच्या सीटवर पांढऱ्या कपड्यांतला भारदस्त माणूस दिसला. आजोबांनी दोन्ही हात उंचावून हार त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "या व्याही, या."

रुखमाबाई चूक सांगायला मागून पुढे सरकली. तिचा हात शालिकरामनं धरला.

ओमप्रकाशचे हात हार काढायला वर गेले. त्यानं मागे वळून पाहिलं. "शालिक, हा तं तुहा..."

"राहू दे गा," शालिकराम म्हणाला. "चाल पुढं."

मग तो गोणपाट झटकून उठला आणि मागच्या दारानं वऱ्हाड्यांच्या गर्दीत उतरला. हार घातलेला ओमप्रकाश बँडच्या पुढे चालू लागला, आणि वरबाप त्याच्या मागून, मोकळ्या गळ्यानं, बँडच्या ठेक्यावर मान हलवत निघाला.